सिम्स ३ मध्ये वाशी ते बेलापूर अख्खं शहर बांधतेय, ३२ जीबी रॅम टाकली तर लॅग जाईल का?

पामबीचवाली

नमस्कार मंडळी. मी नेरुळची, आणि बऱ्याच महिन्यांपासून सिम्स ३ (सिम म्हणजे गेममधल्या माणसांचं आयुष्य चालवायचा गेम) च्या क्रिएट अ वर्ल्ड या शहर बांधायच्या टूलमध्ये आपली नवी मुंबई बांधतेय. वाशीपासून सुरू करून सानपाडा, जुईनगर, नेरुळ, सीवूड्स आणि शेवटी सीबीडी बेलापूर, एका बाजूला खाडी आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर, मधून पाम बीच रोड. सेक्टरप्रमाणे लॉट (प्लॉट) पाडलेत, मार्केट आहे, शाळा आहे, स्टेशनबाहेरचे चहाचे स्टॉलसुद्धा आहेत.

आता अडचण अशी की शहर रिकामं असताना मस्त चालतं पण जशी माणसं वाढवत जाते तसं सगळं जड व्हायला लागतं, सिम दोन पावलं टाकतो आणि जागेवर उभा राहतो, घड्याळ चालू पण कोणी हलत नाही, मग अचानक सगळे एकदम धावतात. आणि सेव्ह करताना एरर १२ येते की गेलं, तेवढा सगळा खेळ वाया.

पीसी असा आहे: सहा कोअरचा आय५, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर, एसएसडीवर गेम. भाऊ म्हणतो रॅम ३२ कर. टाकायची तयारी आहे पण खरंच फरक पडेल का ते आधी विचारावं म्हटलं. आणि प्लीज सिटी बिल्डर खेळ असं सांगू नका, मला रस्ते आणि टॅक्स नाही बघायचेत, मला त्या सेक्टरमधली कुटुंबं हवीत, त्यांची भांडणं, लग्नं, पोरं मोठी होणं, सगळं एकाच शहरात.

वाशी_सेक्टर१७

इनझोई बघ ना, सिम्ससारखाच दुसरा गेम आहे. मार्च २०२५ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला आलाय, अनरिअल इंजिन ५ वर आहे, शहर पण जिवंत वाटतं. फक्त कार्ड बदलावं लागेल, त्यांची मिनिमम रिक्वायरमेंटच आरटीएक्स २०६० आणि १२ जीबी रॅम आहे. पण स्वतःचा नकाशा मातीपासून बांधायचा म्हणशील तर सिम्स ३ सारखं टूल तिथे मिळणार नाही.

घोडबंदर_रोडवाला

ताई रॅम घेऊ नका. निदान या गेमसाठी तरी नका, ते पैसे ठेवा.

कारण सांगतो. विंडोजवरचा सिम्स ३ हा २००९ चा ३२ बिट प्रोग्रॅम आहे. ३२ बिट प्रोग्रॅमला मेमरीतले पत्ते मोजायला ३२ च जागा, म्हणजे २ चा ३२ वा घात, झाले ४ जीबी. त्याच्यापलीकडे मेमरी असली तरी त्याला ती दिसतच नाही. त्यातही विंडोज साधारणपणे अशा प्रोग्रॅमला २ जीबीच देतं, एक्झी फाइलवर लार्ज अ‍ॅड्रेस अवेअर नावाचा फ्लॅग असेल आणि विंडोज ६४ बिट असेल तरच पूर्ण ४ मिळतात. तो फ्लॅग तुमच्या फाइलवर आहे की नाही ते आधी तपासा. पण एकदा ४ झाले की संपलं, मशीनमध्ये १६ असोत नाहीतर १२८. तुमची एरर १२ म्हणजे हेच, सेव्ह करायला लागणारी मेमरी शिल्लक नाही. टास्क मॅनेजर उघडून ठेवा आणि गेमची प्रोसेस साडेतीन जीबीच्या आसपास गेली की लगेच सेव्ह करून बाहेर या. बाहेर म्हणजे डेस्कटॉपवर, मेन मेनूला जाऊन परत लोड केलं तर जुनी मेमरी नीट मोकळी होत नाही.

आता लॅगचं वेगळं, ते मेमरीपेक्षा प्रोसेसरचं दुखणं आहे. सिम्स ३ मध्ये अख्खं शहर एकत्र चालू असतं, हीच तर त्याची मजा, तुम्ही नेरुळच्या घरात भाजी चिरताय तेव्हा वाशीतल्या सिमलाही खरोखर भूक लागते, त्यालाही ऑफिसला जायचं असतं, त्याच्यासाठीही वाट शोधावी लागते. प्रत्येक सिम आजूबाजूच्या वस्तू बघतो, टीव्ही लावू की झोपू की फ्रिज उघडू, प्रत्येकाला गुण देतो आणि मग ठरवतो. माणसं वाढली की हे काम वाढतं, वस्तू वाढल्या की प्रत्येक माणसाचं काम अजून वाढतं. आणि हा सगळा बोजा मुख्यतः एक दोन कोअरवरच पडतो, तुमचे बाकीचे चार कोअर बघत बसतात. म्हणून १६६० सुपर नुसतं आरामात बसलेलं असेल आणि तरी गेम अडकेल.

ग्राफिक्स कार्डचं फक्त एक बघा. गेम फ्रेमरेटला लगाम घालत नाही, मेन मेनूवर सुद्धा कार्ड विनाकारण पूर्ण जोरात पळतं. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हीसिंक किंवा ६० ची मर्यादा लावा, एप्रिल मे च्या आपल्याकडच्या दमट हवेत तर लावाच. दुसरं म्हणजे कार्ड गेमपेक्षा खूप नवीन असल्यामुळे गेम ते ओळखत नाही आणि लॉगमध्ये टेक्श्चर मेमरी फक्त ३२ एमबी दाखवतो, त्यासाठी ग्राफिक्स कार्डांच्या यादीची जी एसजीआर फाइल असते तिच्यात तुमच्या कार्डाची ओळ टाकावी लागते. हाय डिटेल लॉट्सचा स्लायडर एकवर आणा, बाकी दिसायला फार काही बिघडत नाही.

पामबीचवाली

घोडबंदर दादा, इतकं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. रॅम कॅन्सल.

पण मग माणसं किती ठेवायची? मला शहर भरलेलं वाटायला हवं. सीवूड्सचा टॉवर उभा केला आणि त्यात एकच कुटुंब राहतंय हे बघवत नाही. आणि शहर लहान करायचा विचार केला तर वाशी काढू की बेलापूर काढू, दोन्ही जीवाभावाचे आहेत.

घोडबंदर_रोडवाला

माझा अंदाज शंभरच्या आसपास रहिवासी, ते पण एनरास चे मॉड (चाहत्यांनी गेमसाठी बनवलेले जोड-प्रोग्रॅम) लावून. स्टोरी प्रोग्रेशन, ओव्हरवॉच, एररट्रॅप आणि रजिस्टर हे चार तरी पाहिजेतच. ओव्हरवॉच रोज रात्री सफाई करतो, रस्त्यात सोडून दिलेल्या गाड्या उचलतो, अडकलेल्यांना सोडवतो. रजिस्टरने फुकटचे सेवेकरी, भटके प्राणी, पापाराझी असले लोक कमी करता येतात, कारण ते तुमच्या कुटुंबांत मोजले जात नसले तरी प्रोसेसर त्यांच्यासाठी पण तेवढाच राबतो.

टॉवरसाठी लेट नाइट हा गेमचा जादा पॅक असेल तर एनपीसी दरवाजे लावा. बाहेरून प्रत्येक मजल्यावर शेजारी राहतायत असं दिसतं पण दाराच्या पलीकडे घरच नसतं, फर्निचर नाही, फ्रिज नाही. एका टॉवरमध्ये एक खरं कुटुंब आणि बाकी दारं. बघायला जाऊन बघा, पूर्ण भरलेली सोसायटी वाटते.

खाडीकाठ

मी पण क्रिएट अ वर्ल्ड मध्ये काम करतो, आमचं ठाणे आहे, मासुंदा तलाव, कोपिनेश्वर, गडकरी रंगायतन आणि वर येऊरपर्यंत. माणसांइतकाच त्रास नकाशा देतो हे कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

पहिलं रूटिंग, म्हणजे सिमनी वाट शोधणं. पारसिकचा डोंगर आणि ती खारफुटी, तिथे कुठल्या सिमने जायचंच नाहीये बरोबर? मग टूलमध्ये रूटिंगचा जो ब्रश आहे त्याने तो सगळा भाग सिमना बंद म्हणून रंगवून टाका. नाहीतर एखादा सिम उताराच्या अर्धवट टोकावर जाऊन अडकतो, गेम त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा वाट शोधत राहतो आणि त्याच्यापायी अख्खं शहर थांबतं. आयला पॅराडिसो हे आयलंड पॅराडाइज पॅकबरोबर मिळणारं बेटांचं शहर याच कारणासाठी बदनाम आहे, तिथे लोकांनी नकाशा दुरुस्त करून रूटिंग ठीक केल्यावर मगच ते खेळण्यासारखं झालं. येऊरला मी पायवाट तेवढी मोकळी ठेवली आणि बाकी जंगल पूर्ण बंद केलं, फरक लगेच कळला.

दुसरं, जी इमारत फक्त क्षितिजावर दिसायला हवी ती लॉट म्हणून ठेवूच नका. टूलमध्ये सजावटीच्या इमारती असतात त्या जमिनीवर सरळ ठेवता येतात. त्यांना आत काही नाही, पत्ता नाही, कोणी तिथे जाऊ शकत नाही, गेमला फक्त चित्र काढायचं असतं. पाम बीच रोडची जी उंच टॉवरची रांग आहे ती पूर्ण तशीच करा. ऑफिस, हॉस्पिटल, शाळा रॅबिटहोल ठेवा, सिम आत गेला की गायब, आतली एक खुर्ची सुद्धा लोड होत नाही.

तिसरं स्टेशनं! लेट नाइट मध्ये सबवे आहे ना. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरुळ, सीवूड्स, बेलापूर सगळीकडे एकेक सबवे ठेवा. सिम एका स्टेशनात शिरतो आणि दुसऱ्यातून बाहेर येतो, मधलं अंतर रस्त्याने कापायला लागतच नाही, त्यामुळे एवढ्या लांबट नकाशावर वाट शोधायचं काम खूप वाचतं. शिवाय हार्बर लाइनशिवाय नवी मुंबई कसली.

झाडं लावताना हात आखडता घ्या, बिया रत्नं किड्यांचे स्पॉनर (ते आपोआप तयार होणाऱ्या जागा) तर अगदी मोजके.

बेलापूर_आर्किटेक्ट

मी आर्किटेक्चर शिकतेय म्हणून थोडं वेगळ्या बाजूने. तू वाशी काढू की बेलापूर काढू विचारतेस, तर कुठलंच काढू नकोस, वेगवेगळं कर. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई आखली गेली तेव्हा पण एकच भलंमोठं शहर आखलं नव्हतं, नोड केले होते, प्रत्येक नोडला स्वतःचं मार्केट, स्वतःच्या शाळा, स्वतःचं स्टेशन, म्हणजे रोजच्या कामाला माणसाला लांब जायलाच लागू नये. तेच गेममध्ये कर. वाशी आणि सानपाडा एक वर्ल्ड, जुईनगर नेरुळ सीवूड्स दुसरं, बेलापूर तिसरं. एनरास च्या ट्रॅव्हलर मॉडने कुटुंब एका वर्ल्डमधून दुसऱ्यात नेता येतं, आणि एका वेळी एकच वर्ल्ड लोड होत असल्यामुळे ते ४ जीबी प्रत्येक नोडला पूर्ण मिळतात. सासर वाशीला आणि माहेर बेलापूरला असलं तर नाती नीट राहतायत का ते अधूनमधून तपासायला लागेल, तेवढं लक्ष दे.

आणि बेलापूरमध्ये टॉवर नको भरूस गं, आर्टिस्ट व्हिलेज कर! चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात केलेली वसाहत, सात घरांचा एक घोळका आणि मधे ८ मीटर बाय ८ मीटरचं सामाईक अंगण, मग असे तीन घोळके मिळून थोडं मोठं अंगण. लहान लहान लॉट पाडून सहज होईल. मुख्य म्हणजे सातच कुटुंबं असली तरी ती सारखी एकमेकांसमोर येतात, पोरं त्याच अंगणात खेळतात, भांडणं पण तिथेच. तुला जी गर्दी हवीय ती आकड्यात नाहीये, माणसं एकमेकांना किती वेळा भेटतात त्याच्यात आहे असं मला मनापासून वाटतं. ६४ बाय ६४ च्या लॉटवर एकटा बंगला ठेवलास तर शंभर कुटुंबं असूनही शहर ओसाडच वाटेल.

वाशी_सेक्टर१७

हे भारी आहे. बाय द वे सिटीज स्कायलाइन्स हा सिटी बिल्डर खेळणाऱ्यांना पण अशीच भिंत लागते, पहिल्या भागात लोकसंख्या लाखांत दाखवली तरी एका वेळी रस्त्यावर फिरणारी माणसं ६५,५३६ आणि गाड्या १६,३८४ च्या वर जात नाहीत. आणि सिम्स ४ मध्ये तर २०१४ पासून शहराचे छोटे तुकडेच केलेत, मधे लोडिंग स्क्रीन. म्हणजे प्रत्येकाने कुठेतरी कापलंच आहे.

पामबीचवाली

वाचून एकदम हुरूप आला. ठरलं मग, तीन वर्ल्ड. सुरुवात बेलापूरपासून करते, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये शाळेत असताना मैत्रिणीकडे खूप वेळा गेलेय, ती अंगणं डोळ्यासमोर आहेत. पारसिक बंद रंगवायला घेतलाय, फक्त वर जाणारा एक रस्ता मोकळा ठेवतेय.

एक शंका राहिली. जुनी सेव्ह आहे त्यात दोन पिढ्या झाल्यात, ती कुटुंबं नवीन वर्ल्डमध्ये आणता येतील का, की सगळं पहिल्यापासून?

घोडबंदर_रोडवाला

येतील. प्रत्येक कुटुंब घरासकट बिनमध्ये (गेममधला सेव्ह केलेल्या कुटुंबांचा साठा) सेव्ह करा आणि नवीन वर्ल्डमध्ये ठेवा. एका घरातली नाती टिकतात पण दोन वेगळ्या घरांमधली तुटतात, म्हणून ज्यांचं एकमेकांशी नातं आहे त्यांना आधी एकाच घरात आणा आणि मग सेव्ह करा. एका घरात आठच सिम मावतात, त्यामुळे मोठं खटलं असेल तर कोणाला कोणाबरोबर ठेवायचं ते आधी कागदावर लिहून काढा. एनरास च्याच मास्टरकंट्रोलर मॉडने तुटलेली नाती नंतर परत जोडता पण येतात.

नवीन वर्ल्ड पहिल्यांदा उघडायच्या आधी डॉक्युमेंट्समधल्या सिम्स ३ च्या फोल्डरमधून नावात कॅश असलेल्या त्या पाच पॅकेज फाइल उडवा, गेम परत बनवतो त्या. आणि सेव्ह नेहमी सेव्ह अ‍ॅज, दर वेळी नवीन नावाने. बेलापूर झालं की स्क्रीनशॉट इथेच टाका.