मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरला २८,००० रुपये कशासाठी?

बांधावरचा (नवेगावबांध)

आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या मत्स्य सहकारी संस्थेचा हिशेब मी लिहितो, त्यामुळे किंमत ऐकली की ती कशाची बनली आहे हे फोडून पाहण्याची मला खोड आहे. माझा पुतण्या तारकर्लीला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणे, शिकला आणि आता अंदमानात पर्यटकांना समुद्राखाली नेतो. त्याने डाइव्ह कॉम्प्युटरसाठी २८,००० रुपये मागितले आहेत. या यंत्रात पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर, एक चिप, एक सेल आणि छोटा पडदा असतो. खोली आणि वेळ यांवरून श्वासातला किती नायट्रोजन शरीरात मुरला याचा ते हिशेब करते, म्हणजे वर येताना त्याचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडू नये. हिशेबाची रीतही गुपित नाही. झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान यांनी ती छापून ठेवली आहे: शरीराचे १६ कप्पे कल्पायचे आणि ४ ते ६३५ मिनिटांच्या अर्धकालांनी (कप्पा निम्मा भरायला किंवा रिता व्हायला लागणारा वेळ) प्रत्येकाचा जमाखर्च मांडायचा. १९८३ साली बाजारात आलेल्या यंत्रांनाही अशा स्वरूपाचे गणित झेपत होते. माझे स्पष्ट मत असे की उरलेले पैसे भीतीचे आहेत. जिवाचा प्रश्न आला की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.

लेथवाला (अर्जुनी मोरगाव)

भाऊ, तुम्ही सुट्या भागांची बेरीज केली, नगांची संख्या मात्र धरली नाही. मळणी यंत्राचा बुश कारखान्यातून हजारोंनी निघतो तेव्हा स्वस्त पडतो. तोच ऐन हंगामात माझ्याकडून एकटा बनवून घेतला, तर धातू तोच असूनही माप घेणे, टूल लावणे आणि चुकलेला पहिला नग भंगारात टाकणे हे सगळे त्या एका बुशाच्या माथी बसते. मोबाइल कोट्यवधींनी खपतात, खोल पाण्यात उतरणारे त्या मानाने मूठभर. शिवाय समुद्रात दर १० मीटरला सुमारे १ बार (साधारण हवेच्या दाबाइतका) दाब वाढतो, म्हणजे ४० मीटरवर हवेचा धरून एकूण ५ बार. पावसात भिजून चालणाऱ्या मोबाइलचे सील तिथे टिकणार नाही.

बांधावरचा

नगांचा मुद्दा मान्य, पण तो अर्धाच आहे. लाखाच्या वरचे यंत्र आणि २८,००० चे यंत्र मुळात एकाच जातीचे गणित करतात. वरचे पैसे रंगीत पडदा, होकायंत्र आणि टाकीतला दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर यांचे. किंमत जिवाची असती तर स्वस्त यंत्र धोक्याचे ठरले असते, आणि तसे तर कोणताच विक्रेता म्हणत नाही. त्यापेक्षा प्लास्टिकवर छापलेला तक्ता काय वाईट? १८ मीटरवर ५६ मिनिटे, ३० मीटरवर २० मिनिटे थांबता येते, असे त्यात सरळ लिहिलेले असते.

बचाव पथकातली (भंडारा)

काका, तक्त्याची अडचण तुम्ही ध्यानात घेतली नाही. माणूस सगळा वेळ सर्वांत खोल ठिकाणीच होता असे तक्ता धरून चालतो. तुमचा पुतण्या दिवसातून तीन-चारदा उतरत असेल आणि दर खेपेला खाली-वर करत असेल. तक्त्यावर विसंबला तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच त्याची मिनिटे संपतील आणि मजुरी बुडेल. यंत्र दर काही सेकंदांनी खरी खोली नोंदवते, पैसे त्याचे आहेत. यंत्र चुकले तर काय होते तेही पाहा: अमेरिकेत एका नामांकित कंपनीवर दाबाच्या सेन्सरवरून सामुदायिक दावा झाला आणि तडजोडीत तिला मोठी किंमत मोजावी लागली. असा धोका उत्पादक आपल्या किमतीत धरणारच. पडद्याला चैन म्हणालात, तेही मला पटत नाही. वैनगंगेच्या गढूळ पाण्यात शोध घेताना स्वतःचा हात दिसत नाही. तिथे मुखवट्याला टेकवून वाचता येणारा ठळक उजळ आकडा लागतो.

कपाशीवाला (यवतमाळ)

लेथवाले भाऊ, २०२२ साली अॅपलने ४० मीटरपर्यंत डाइव्ह कॉम्प्युटरचे काम करणारे घड्याळ आणले. ती कंपनी थोडे नग बनवणारी नव्हे, तरी भारतात त्याची किंमत ८९,९०० रुपये होती. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवून देते, म्हणून आपल्याला निदान भांडायला एक आकडा सापडतो. इथे तसा आकडा नाही. गिऱ्हाईक किती देईल तेवढे मागायचे.

लेथवाला

ते घड्याळ फोनही घेते, नाडीही मोजते. त्याची तुलना इथे लागू होत नाही.

बांधावरचा

ताई, खाली-वर करण्याचा मुद्दा मला माहीत नव्हता आणि तक्त्याचा सल्ला मी मागे घेतो. भीतीचे पैसे घेतले जातात हे मत मात्र कायम आहे, विशेषतः ट्रान्समीटरच्या बाबतीत, कारण टाकीचा दाब दाखवणारा काटा त्याच्याकडे आधीच आहे. ट्रान्समीटर नसलेल्या यंत्राचे पैसे सोमवारी पाठवतो. सेल घरी बदलता येतो की दरवेळी दुकानात पाठवावे लागते, तेवढे त्याला विचारायला सांगितले आहे. बेटावरून यंत्र पाठवायचे म्हटले तर तेवढे दिवस त्याने काय करायचे?