डोंगर दिसतोय, तरी ‘पुल अप’?

खिडकीवाला: परवा लेहला उतरताना पंखाखालचे दगड मोजता येतील इतका डोंगर जवळ! पायलटला सगळं दिसत असताना ‘टेरेन, टेरेन, पुल अप’ (जमीन जवळ आहे, वर घ्या) असा कॉकपिटमधला इशारा वाजला तर तो काय करतो?

जुना_वैमानिक: दिवसाउजेडी डोंगर स्वच्छ दिसत असेल तर बहुतेक नियमांत लगेच वर न घेण्याची सूट असते. रात्री किंवा ढगात नाही; तेव्हा इशारा वाजला की लगेच: ऑटोपायलट बंद, नाक वर, इंजिनांना पूर्ण जोर (थ्रस्ट). ‘थांब, बघू’ म्हणायचं नाही. मी सिम्युलेटरमध्ये एकदा म्हटलं होतं, डोंगरातच गेलो.

पुणेकर: इस्लामाबाद, 28 जुलै 2010. खराब हवेत धावपट्टीला वळसा घालताना ए-321 प्रवासी विमान मार्गल्ला टेकड्यांवर आदळलं, 152 गेले. इशारे मिनिटभर वाजत होते. सहवैमानिक कॅप्टनला ‘सर, डावीकडे वळा’ सांगत होता.

खिडकीवाला: बाप रे. काका, म्हणजे सहवैमानिकाने कंट्रोल घ्यायला हवा होता?

जुना_वैमानिक: हो. पण ‘सर’ म्हणायची सवय सुटत नाही रे.