मदत हवी आहे: बांबूच्या लॅम्पले भुंगा लागते, उपाय सांगा

नमस्कार मंडळी, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या एका ताईसाठी विचारतोय. सूप-टोपल्या विणणाऱ्या घरातली बाई, पण तिनं त्याच बांबूच्या कामट्यांपासून (चिरलेल्या पातळ पट्ट्यांपासून) लॅम्प, राख्या बनवणं सुरू केलं, डिझाईन स्वतःच काढते आन हिशेबाची वहीपण स्वतःच लिहिते, बांबू किती लागला, मजुरी किती झाली ते धरून भाव लावते आन कोणी कितीही घासाघीस केली तरी खाली येत नाही. मले हे लय आवडते, कारण आमच्या इकडं कलाकाराले वाहवा भेटते, पैसा भेटत नाही. आता गावातल्या आणखी बायापण तिच्यासोबत कामाले बसतात.

अडचण अशी की नागपूरले पाठवलेल्या लॅम्पमधून काही महिन्यांनी भुकटी पडाले लागली. बांबूतल्या स्टार्चवर हा किडा जगते, म्हणून थंडीत तोडलेला बांबू घ्यावा आन बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवावा एवढं माहीत आहे, पण बारीक कामट्यांसाठी प्रमाण किती, किती वेळ ठेवावं, रंग बदलते का? चिचपल्लीच्या बांबू केंद्रात कोणी शिकलं असेल तर सांगा न बाप्पा.

आणखी एक, पीएम विश्वकर्मा या केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या योजनेत टोपली विणणारे बसतात, पहिलं कर्ज १ लाखापर्यंत ५ टक्के व्याजानं भेटते, तर त्यातून भिजवायची टाकी बांधता येते का? कोणी असं कर्ज घेतलं असेल तर कागदपत्रं काय लागली तेपण लिहा, राखीच्या ऑर्डरी यायच्या आधी टाकी व्हायला पाहिजे.