मे महिन्यात बाबांचं फिरणं बंद करावं का? (नागपूर)

रेशीमबागची लेक:
बाबा ६८ वर्षांचे आहेत. बरीच वर्षं मधुमेह आहे, बीपीची गोळीही सुरू आहे. रोज सकाळी सातला मित्रांसोबत रेशीमबाग मैदानावर तासभर फिरतात. आता पारा ४४ वर गेलाय. आई म्हणते, नवतपा संपेपर्यंत घरीच बसा, पण बाबा ऐकूनच नाही राहिले. मागच्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसून राहिले तेव्हा शुगर वाढली होती आणि दिवसभर चिडचिड चालायची. सकाळऐवजी संध्याकाळी पाठवलं तर चालेल का?

पहाटफेरी:
बंद नको करू गं. वेळ बदल. मी शाळेत पी.टी. शिकवायचो, आता सत्तरी ओलांडली आहे आणि उन्हाळाभर फिरतो, म्हणून हक्कानं सांगतो.

संध्याकाळी सातला आपल्याकडे सूर्य मावळलेला असतो, पण डांबर आणि सिमेंट दिवसभराची धग बाहेर टाकत असतात. हवा सगळ्यात थंड असते ती उजाडायच्या सुमारास. मेमध्ये साडेपाचच्या आसपास सूर्य उगवतो. म्हणजे पाचला घर सोडायचं आणि सहा-सव्वासहाला परत यायचं. सातला तर ऊन अंगावर यायला लागतं, आणि मैदानावर सावली कुठून आणायची? महिनाभर त्यांना महाराजबागेत ने, झाडं आहेत तिथे. सेमिनरी हिल्सही छान, पण चढ आहे. या दिवसांत सपाटीवरच चालावं.

सलग तासभर चालायचा हट्टही सोडायला सांग. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो तुकड्यातुकड्यानं केला तरी चालतो. सकाळी अर्धा तास आणि रात्री जेवणानंतर गल्लीत दहा-पंधरा मिनिटं. जेवणानंतरच्या शुगरला ही रात्रीची फेरी फार उपयोगी पडते. गच्चीवर मात्र नको, स्लॅब रात्रीही तापलेला असतो.

आणि मित्र सोडवू नको त्यांचे. सगळ्या मंडळींनाच पाचला बोलव. म्हातारपणी माणूस चालायला जातो त्यात निम्मं बोलायलाच जातो, चिडचिड त्यानंच कमी होते.

वॉर्डातली ताई:
नर्स आहे, म्हणून औषधांचं बोलते. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणखी कमी होतं. डॉक्टरांना विचारून घ्या. गोळी स्वतःहून बंद करू नका. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणारी गोळी असेल तर उपाशीपोटी चालू नये. शुगर उतरली तरी घाम येतो, चक्कर येते आणि घरचे समजतात ऊन लागलं. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असू द्या.

आपल्याकडची हवा इतकी कोरडी की घाम अंगावरच सुकतो आणि गेलेलं पाणी लक्षात येत नाही. या वयात तहानही कमी लागते. त्यामुळे तहानेची वाट न पाहता पाणी द्या. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

अजून एक, हिरवळीवर किंवा देवळाच्या फरशीवर अनवाणी चालू देऊ नका. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते, भाजलेलं कळतसुद्धा नाही. घरी आल्यावर रोज तळवे पाहा.

बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं, शुद्ध हरपायला लागली तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

रेशीमबागची लेक:
पाचची वेळ बाबांना लगेच पटली! मित्रांना फोनही करून झाले. आल्यावर कैरीचं पन्हं दिलं तर चालेल का? गूळ घालतो आम्ही.

वॉर्डातली ताई:
गूळही साखरच हो. पातळ ताक द्या, जिरेपूड घालून. बीपी आहे म्हणून मीठ चिमूटभरच.