मदत हवी आहे: दाढेतली जुनी चांदी काढावी का?
नमस्कार मंडळी. माझ्या खालच्या दोन दाढांत १९९८ साली भरलेली चांदी आहे. ठणकत नाही, गार पाणीही लागत नाही. फक्त एकीची कड झिजलीय. पेरू खाल्ला की बी तिथेच अडकते आणि मग तासभर जीभ तिकडेच.

परवा दात साफ करायला गेलो तर नवे डॉक्टर म्हणाले, "यात पारा असतो, दोन्ही काढून पांढरं सिमेंट भरू." पारा साधारण निम्मा असतो हे खरंच. युरोपियन युनियनने २०२५ पासून ही चांदी भरणं जवळपास बंदच केलंय. पण अमेरिकेच्या एफडीएचा (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० चा सल्ला असा, की शाबूत असेल तर उगाच काढू नका. उकरताना पाऱ्याची वाफ उलट जास्त सुटते, आणि चांगला दातही थोडा जातो. मला हेच पटतंय. बायको म्हणते, काढून टाका एकदाची.

कुणी काढून घेतलीय का? तेव्हा रबर डॅम (दात बाकी तोंडापासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावला होता? पांढरं किती वर्षं टिकलं? आणि झिजलेली तेवढी एकच करून दुसरी तशीच ठेवली तर? एक्सरे अजून काढलेला नाही, तो आधी मागावा ना?