मदत हवी आहे: फक्त फोटोवरून नवीन डायनासोर?

कोणी जीवाश्मशास्त्र शिकलेलं आहे का इथे? इजिप्तमध्ये 1914 ला सापडलेला तो मोठा मांसाहारी डायनासोर, जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञ स्ट्रोमरने कारकॅरोडोंटोसॉरस या प्रकारातला म्हणून वर्णन केलेला, त्याची हाडं म्युनिकच्या म्युझियममध्ये होती आणि 1944 च्या बॉम्बहल्ल्यात सगळी जळाली, आता 2025 मध्ये जुने फोटो बघून त्याला टामेरीरॅप्टर असं वेगळं नाव दिलंय. नाकावर शिंग होतं म्हणे, मोरोक्कोत सापडलेल्या कारकॅरोडोंटोसॉरसच्या कवटीला ते नाही. पण हाडच हातात नसताना फोटोवर एवढा भरवसा कसा ठेवतात? आणि अर्जेंटिनाचे जिगानोटोसॉरस, मापुसॉरस हे मांसाहारी डायनासोर याचे सख्खे की लांबचे भाऊबंद? मराठीत कुठे नीट वाचायला मिळेल का, इंग्रजी पेपर डोक्यावरून जातात राव.