365 पैकी 318 दिवस टोकाचं हवामान?? इन्शुरन्सची जाहिरात

बिबवेवाडीकर:
मंडळी, सोसायटीच्या ग्रुपवर एकाने घराच्या इन्शुरन्सची जाहिरात टाकलीये, वर आपल्या पुण्यातल्या एकतानगरीत पाण्यात बुडालेल्या गाड्यांचा फोटो आणि खाली लाल अक्षरात "365 पैकी 318 दिवस टोकाचं हवामान! तुमचं घर तयार आहे?" आता मी राहतो सातव्या मजल्यावर, मे महिन्यात जाम उकडलं, जुलैत गॅलरीत पाणी आलं, हे मान्य, पण 318 दिवस?? बायको म्हणतीये घेऊन टाक, एजंट तिच्या मावसभावाचा मित्र आहे. थापा मारतायत ना हे?

आकडेमोड:
थाप नाही, तीच तर गंमत आहे. दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या पर्यावरण संस्थेचा 2023 चा आकडा आहे तो, पण अख्ख्या देशाचा. आसामात पूर, बिहारमध्ये वीज पडली, राजस्थानात उष्णतेची लाट, कुठेही काही झालं की तो दिवस धरला. एवढ्या मोठ्या देशात काहीच झालं नाही असा दिवस सापडणंच अवघड. 'भारतात' हा शब्द कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात असेल बघ. आणि "अतिवृष्टी" लिहिलं असेल तर कोणाची तेही विचार, आपल्या महसूल खात्याची 24 तासांत 65 मिमीच्या वर होते, हवामान खात्याचं 'अति मुसळधार' 115.6 पासून सुरू.

ओढ्याकाठी:
सातव्या मजल्यावरून हसायला काय जातंय. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा आमच्या घरातून गेला, सकाळी फ्रिज आडवा होऊन दाराला अडकलेला, दार ढकलून उघडेना. गाडीचा क्लेम केला तर म्हणे पाणी शिरल्यावर तुम्ही स्टार्टर मारला, इंजिनचं कव्हर वेगळं घ्यायचं होतं. पॉलिसी विकताना पुराचेच फोटो दाखवले होते बरं का!!

नदीपात्र:
एकतानगरीत जुलै 2024 ला शिरलं ते खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी, त्याचा त्या 318 शी काडीचा संबंध नाही. पूररेषा बघा राव, नदीचं पाणी कुठवर येऊ शकतं ते नकाशावर दाखवणाऱ्या. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून. आता लोकांना वाटतं एकदा येऊन गेला की 25 वर्षं निवांत, तसं नसतं, दरवर्षी 4 टक्के शक्यता असतेच, म्हणजे 30 वर्षांचं होमलोन फिटेपर्यंत एकदा तरी पाणी यायची शक्यता 70 टक्के. भीतीच घालायचीये तर ही घाला की, पण त्याला प्रत्येकाचा पत्ता बघावा लागतो, कोण करणार. बाकी 'भारत गृह रक्षा' ही साधी पॉलिसी 2021 पासून आहे, पूर त्यात आधीच धरलेला असतो, हवामानाच्या नावाने जादा पैसे मागत असतील तर नक्की कशाचे ते लिहून घ्या.

बिबवेवाडीकर:
एजंटला विचारलं, 318 पुण्याचे का देशाचे. नुसता अंगठा पाठवलाय. @ओढ्याकाठी सॉरी भाऊ, माझी गाडी बेसमेंटलाच असते, इंजिनचं आजच बघतो.